बाना मुका, भिंती बोलक्या

आमच्या झाडीपट्टीत अलीकडे एक नवी हौस फैलावली आहे. कचेरीची आवारभिंत असो, शाळेचे फाटक असो वा लग्नपत्रिकेची किनार असो, तिच्यावर ठिपक्याठिपक्यांचे मोर नाचू लागतात, हरणांच्या शिंगांना झाडाच्या फांद्या फुटतात, आणि खालच्या कोपऱ्यात ‘आपली स्थानिक आदिवासी कला’ असे अभिमानाने लिहिलेले असते. ही हौस आता चर्चच्या पायरीपर्यंत येऊन पोचली आहे. धर्मग्रामाच्या सणाची पत्रिका, मुलांच्या पहिल्या कम्युनियनचे स्मृतिचित्र, रौप्यमहोत्सवाची स्मरणिका, इतकेच काय, धर्मगुरूच्या गळ्यातील स्टोलसुद्धा तिच्या तडाख्यातून सुटलेला नाही. पत्रिका छापावयास गेले की छापखान्यातला मुलगा संगणकावरची नजर न काढता विचारतो, “फादर, वारली टाकू की गोंडी?” वाण्याने कोणता तांदूळ बांधू असे विचारावे, तसा.

या हौसेविरुद्ध लिहिणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. मात्र आमचा विरोध कोणत्या बाजूने आहे हे आधीच स्पष्ट करावयास हवे. कारण विरोध करणारा आणखी एक वर्ग आपल्यात आहे आणि त्याच्या पंक्तीला बसण्याची आमची मुळीच इच्छा नाही.

तो वर्ग म्हणतो, ही चित्रे रानातल्या देवदेवतांची, त्यांना ख्रिस्तमंदिराच्या भिंतीवर जागा कशाला? गुलाबी गालांचे प्लास्टरचे पुतळे आणि निळ्या डोळ्यांची छापील चित्रे आमच्या भक्तीला पुरेशी आहेत. या मंडळींसाठी फार शाई खर्च करावी असे आम्हांस वाटत नाही, कारण त्यांना द्यावयाचे उत्तर ख्रिस्तसभेनेच १९६३ सालच्या डिसेंबरात देऊन ठेवले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा जो दस्तऐवज तेव्हा प्रसृत केला, त्यात ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही असे स्वच्छ सांगितले आहे. आणि ज्या लोकांना स्वतःची संगीतपरंपरा आहे, त्यांच्या त्या संगीताला योग्य तो मान व स्थान द्यावे असेही त्याच दस्तऐवजात आहे. चित्र आणि गाणे हे दोन्ही विषय तेथे एकाच छपराखाली आले आहेत, हे आम्ही मुद्दाम नमूद करून ठेवतो. परिषदेच्या सुमारे साडेतीनशे वर्षे आधी, १६१६ साली, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोलहून प्रसिद्ध झाले, ते ओवीछंदात. त्या इंग्रज जेज्वितावर कोणी तशी सक्ती केली नव्हती. ओवी हा या मातीतला कान होता आणि तो कान त्यांनी कमावला.

तरीही विरोधकांना एका माणसाची आठवण करून देणे आवश्यक वाटते. अँजेलो द फोन्सेका हे गोव्यातील सांतइस्तेव्हचे. जन्म १९०२ चा. शांतिनिकेतनात जाऊन अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले, आणि गोव्यात परतून त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसविली. तेवढ्या अपराधासाठी त्यांच्यावर स्वकीयांनीच इतका रोष धरला की गोवा सोडून ते पुण्यास आले, आणि ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या शिवाजीनगरातील आश्रमात वर्षानुवर्षे राहून रंगवीत राहिले. १९६७ साली ते वारले. कॅथोलिक चित्रकाराला आसरा मिळाला तो अँग्लिकन बंधूंच्या आश्रमात! आज त्यांच्या चित्रांवर प्रबंध लिहिले जातात, प्रदर्शने भरतात. साडी नेसलेल्या मरियेने कोणाच्याही श्रद्धेला तडा गेलेला आमच्या ऐकिवात नाही.

हे झाले विरोध करणाऱ्यांविषयी. आमचे खरे भांडण आहे ते कौतुक करणाऱ्यांशी. भिंतीवर गोंडी मोर काढला की आपण आदिवासींचा सन्मान केला, आपली उपासना मातीशी जोडली, असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांना आम्ही विचारतो: हा मोर कोठून आला हे तुम्हांला ठाऊक आहे काय?

तो गाण्यातून आला.

गोंदियाहून बालाघाट व नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी लहान लाईन आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. आता ती रुंद झाली आहे. नैनपूरवरून मंडल्याकडे वळावे आणि तेथून पूर्वेकडे मैकलच्या डोंगराळ प्रदेशात शिरावे, म्हणजे आजच्या दिंडोरी जिल्ह्यात पाटणगड नावाचे गाव लागते. या गावात परधान राहतात. परधान हे गोंडांचे भाट. प्रत्येक परधान घराण्याची ठरलेली यजमान गोंड घराणी असत. ठराविक वर्षांनी परधान त्यांच्या दारी जाई, खांद्यावरचा बाना उतरवी, आणि बडादेवाला आवाहन करून त्या घराण्याची वंशावळ, गोंड राजांच्या कथा, पृथ्वी कशी झाली, झाडे कशी आली, हे सारे गाऊन सांगे. बदल्यात धान्य, वस्त्र, क्वचित जनावर मिळे. बाना हे तीन तारांचे, गजाने वाजविण्याचे वाद्य. पण परधानाला ते नुसते वाद्य नव्हे. त्यात प्रत्यक्ष बडादेव वसतो अशी त्याची श्रद्धा. या देवाचे दुसरे घर साजा वृक्षात, म्हणजे आपल्याकडच्या ऐनात. ज्या समाजाकडे पोथी नव्हती, त्याची पोथी या तीन तारांवर होती.

विसाव्या शतकात यजमानच कंगाल झाले. राजांची राज्ये तर केव्हाच बुडाली होती, जंगलावर सरकारचा ताबा आला, गोंड शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. देणाऱ्याच्या घरी दाणा नाही, मग गाणाऱ्याला कोण बोलावणार? परधान हळूहळू मजूर झाले. बाना खुंटीला लागला.

येथे एका मराठी ख्रिस्ती माणसाचे नाव आमच्या वाचकांना सांगितलेच पाहिजे, कारण ते आपल्या लोकांतच विसरले गेले आहे. शामराव हिवाळे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले शामराव पुण्यातील ख्रिस्त सेवा संघात आले, तेथे त्यांची व्हेरियर एल्विन या तरुण अँग्लिकन धर्मगुरूशी गाठ पडली, आणि १९३२ साली दोघे मैकलच्या पायथ्याच्या करंजिया गावी जाऊन राहिले. त्यांनी गोंड सेवा मंडळ काढले, शाळा चालविल्या, दवाखाना चालविला, महारोग्यांची सेवा केली. एल्विन पुढे आपल्या चर्चपासून दूर गेले आणि त्यांच्या पुष्कळ मतांशी आमचे पटण्यासारखे नाही. पण तो आजचा विषय नव्हे. आजचा विषय असा की ही जोडी नंतर पाटणगडला येऊन राहिली, तेथील शेकडो गाणी तिने उतरवून घेतली, आणि १९४६ साली शामरावांचा नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील परधानांविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. परधान कसा गातो, कोणाकडे जातो, बान्याला कसा जपतो, त्याची थट्टा कशी, त्याचे दुःख कोणते, हे एका मराठी ख्रिस्ती माणसाने त्यांच्यात राहून लिहून ठेवले. त्याने त्यांची चित्रे पत्रिकेवर छापली नाहीत. त्याने आधी ऐकले.

त्याच पाटणगडात सुमारे १९६२ साली जनगढसिंह श्याम यांचा जन्म झाला. घरची गरिबी, गुरे राखावीत, माती खणावी, असे बालपण. भोपाळात भारत भवनाची उभारणी चालू असताना चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी गावोगाव माणसे धाडली होती, आणि १९८१ साली त्यांना पाटणगडच्या एका घराच्या भिंतीवर या मुलाने काढलेले मारुतीचे चित्र दिसले. परधान-गोंडांच्या घरी बायका पांढऱ्या-पिवळ्या मातीने, गेरूने, काजळीने भिंतीवर व अंगणात ‘दिगना’ नावाच्या आकृत्या काढीत. ती परंपरा होतीच. परंतु देवांची, पशुपक्ष्यांची, कथांची चित्रे कागदावर काढण्याची परंपरा नव्हती. जनगढ भोपाळला आले, त्यांच्या हाती कागद व रंग आले, आणि जे आजवर फक्त गाइले जात होते ते दिसू लागले. बान्यातल्या देवांना प्रथमच देह मिळाला. १९८९ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात ही चित्रे झळकली. भोपाळच्या विधानभवनात त्यांनी भिंती रंगविल्या. गावातले भाऊबंद त्यांच्या घरी येऊन हात चालवू लागले. आपण ज्याला सरसकट ‘गोंड चित्रकला’ म्हणतो तिला जाणकार ‘जनगढ कलम’ म्हणतात, ते याच कारणाने. ती हजारो वर्षांची नाही. जेमतेम चाळीस-पंचेचाळीस वर्षांची आहे. हजारो वर्षांचे आहे ते तिच्या आतले गाणे. हिंदी लेखक उदयन वाजपेयी यांनी तर असा विचार मांडला आहे की परधानांचे संगीतच येथे रेषा आणि ठिपके होऊन अवतरले. आम्हांला तो पटतो. या चित्रांकडे नीट पाहिले तर एकही आकार रिकामा सोडलेला नसतो; हरणाच्या अंगभर बारीक रेघांच्या, ठिपक्यांच्या, चंद्रकोरींच्या ओळी एका लयीत चाललेल्या असतात, आणि प्रत्येक चित्रकाराची ही भरण वेगळी, स्वतःची, सहीसारखी असते. गाणाऱ्याचा गळा जसा दुसऱ्याला उसना घेता येत नाही, तशी ती भरणही येत नाही.

आणि त्या माणसाचे पुढे काय झाले? २००१ साली जपानमधील एका संग्रहालयात चित्रे काढण्यासाठी गेलेले असताना, चाळिशीच्या आतच, घरापासून हजारो मैलांवर त्यांनी आपले जीवन संपविले. आमच्या पत्रिकांवरील मोर फार आनंदात नाचतात. त्यांना हे ठाऊक नसते.

स्वराचे चित्र होणे ही गोष्ट आमच्या ख्रिस्ती वाचकांना परकी वाटण्याचे कारण नाही. मध्ययुगातील मठांत स्तोत्रसंहितेची जी हस्तलिखिते तयार होत, त्यांत पहिल्या स्तोत्राचे पहिलेच अक्षर मोठे काढून त्या अक्षराच्या पोटात वीणा छेडणारा दावीद राजा रंगविण्याची रीत होती. गायनवृंदासमोर ठेवण्याच्या भल्यामोठ्या पोथ्यांतून सणाचे गीत जेथे सुरू होई तेथे त्या सणाचे चित्र अक्षरातच गुंफलेले असे; गाणाऱ्याचा डोळा चित्रावर आणि गळा स्वरावर. आपल्या देशातील रागमाला चित्रांत तोडी रागिणीची वीणा ऐकून हरणे गोळा होतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. पालघरकडच्या वारल्यांत तर आजही लग्नाचा चौक सुवासिनी भिंतीवर लिहितात तो धवलेरीच्या गाण्यांच्या साथीने. जिव्या सोमा मशे यांनी पुढे ती रेषा जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण चौकातल्या देवीला जागे करते ती धवलेरी, चुना-तांदळाचे पीठ नव्हे. सर्वत्र क्रम एकच आहे. आधी कान, मग डोळा.

आमच्या हौशी मंडळींनी हा क्रम तोडला आहे. त्यांना डोळ्यापुरते हवे आहे. ज्या देवाला उद्देशून ते गाणे होते त्याचे नाव ठाऊक नाही, ज्याने ती रेषा काढली त्याचे नाव पत्रिकेवर नाही, त्याच्या हाती चार पैसे पडलेले नाहीत. संगणकावरून चित्र उतरविले, कोपऱ्यातली सही पुसली, मधोमध क्रूस बसविला, झाले! याला सन्मान म्हणत असतील तर शेजाऱ्याच्या शेतातले धान कापून आणून त्याचीच खीर त्याला पाजणे हाही सन्मानच म्हणावा लागेल. मध्यप्रदेशाच्या गोंड चित्रकलेला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कायद्याने तिचे गाव ठरले आहे. आमच्या छापखान्यांना ते गाव अजून सापडावयाचे आहे.

या परंपरेतले खरे चित्रकार नकला करीत नाहीत, हेही पाहण्यासारखे आहे. जनगढांचे पुतणे भज्जू श्याम लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगविण्यासाठी गेले आणि परत येऊन त्यांनी त्या शहराची चित्रे काढली. त्यांतल्या एका चित्रात लंडनचे प्रसिद्ध घड्याळ आणि कोंबडा एकजीव झाले आहेत. कारण गावाकडे वेळ सांगतो तो कोंबडा. दुर्गाबाई व सुभाष व्याम यांनी २०११ साली डॉ. आंबेडकरांचे चरित्र चित्रांतून सांगितले, तेव्हा माणसांना चौकटींत कोंडण्याचे नाकारून त्यांनी दिगन्याची वळणे वापरली, आणि विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी लावली. पाटणगडचा माणूस लंडन आणि बाबासाहेब पचवून आपल्या रेषेत आणतो. आम्ही मात्र त्याची चाळीस वर्षांपूर्वीची हरणे गिरवीत बसतो.

आता ‘स्थानिक’ या शब्दाकडे वळू, कारण सगळ्यात मोठी फसवणूक त्या शब्दात आहे. आमच्या गावाचे नाव गोंदिया. ते गोंड जमातीवरून आले, तसेच गोंद म्हणजे डिंक यावरून आले, असे सांगतात. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या बाजूंना गोंडांची वस्ती मोठी आहे. यावरून लोकांनी सरळ ठरवून टाकले की गोंड चित्रकला ही आमचीच. ती आमची नाही. ती मैकलच्या परधानांची आहे, एका गावाची, एका माणसाने सुरू केलेली. गोंदियाच्या भिंतीवर ती काढून ‘स्थानिक’ म्हणणे म्हणजे वसईचे बंगलीगीत सिंधुदुर्गात गाऊन ते मालवणी आहे असे सांगण्यापैकी आहे.

मग आमचे काय आहे? आमचे कचारगड आहे. सालेकसा तालुक्यात दरेकशाजवळच्या डोंगरातली ही गुहा. माघ पौर्णिमेला तेथे देशभरातून लाखोंनी गोंड जमतात. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी धर्मकथांची जी मांडणी केली आहे तिच्यात या गुहेची कथा येते. गुहेत कोंडलेली मुले, तोंडाशी प्रचंड धोंड, आणि बाहेर आपले वाद्य वाजविणारा हिरासुका पाटालीर. त्याच्या संगीताने मुलांच्या अंगी बळ आले, धोंड हलली, मुले सुटली. वाजविणारा मात्र त्या धोंडेखाली चिरडला गेला. गुहेच्या तोंडची धोंड म्हटल्यावर आमच्या वाचकांच्या मनात काय येईल ते आम्ही जाणतो. परंतु ते साम्य येथे ताणू नये, ती कथा तिच्या लोकांची आहे. आम्हांला एवढेच दाखवावयाचे आहे की आमच्या जिल्ह्याच्या मुळाशी संगीताने फुटलेला एक दगड आहे. हिरासुकाचे चित्र या जिल्ह्यातल्या किती भिंतींवर आहे? आम्ही तरी एकाही भिंतीवर पाहिलेले नाही. पाटणगडचे मोर मात्र हवे तेवढे.

आणि आमचे तलाव आहेत. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून बांधलेले, पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखले गेलेले. नवेगाव बांधचा तलाव बांधणाऱ्या कोलू पाटलाला लोकांनी देवपण दिले. एकेका तलावाखाली पायरीपायरीने उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, मधूनच एखादी बोडी, धुऱ्यावर मोहाचे झाड, फाल्गुनात पेटलेला पळस. हा देखावा महाराष्ट्राच्या दुसऱ्या भागांत नाही. महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो मुख्यतः आमच्या जिल्ह्यात, आणि तोही बोटांवर मोजण्याइतका. नर-मादी मान उंचावून एकाच वेळी हाक देतात, अर्धी त्याची, अर्धी तिची, आणि ती बांध्यांवरून दूरवर जाते. हे द्वंद्वगीत ज्याच्या दारात आहे त्याला मोर उसना आणावयाची काय गरज?

माणसांची गाणीही आहेत. रोवण्याच्या वेळी गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका ओळीने मागे सरकत गातात. गाण्याची लय आणि परे खोचणाऱ्या हाताची लय एकच असते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, गोवारी ढाल घेऊन नाचतात, रात्री दंडार उभी राहते, कोठे खडी गंमत. गोंड पाड्यांत लग्नात रेला चालतो, एकमेकांच्या कमरेत हात घालून धरलेली ती वाकडी ओळ पुढे-मागे हेलावते. चित्रकाराचा डोळा असलेल्या माणसाला ती ओळ म्हणजे आयती रेषा आहे. १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी नंदलाल बोसांनी जे फलक रंगविले, त्यांत ढोल वाजविणारे, शेतात राबणारे, घरकाम करणारे असे गावचे लोकच होते. गांधीजींनी त्यांना खेड्यातल्या माणसाला दिसेल असे चित्र मागितले होते. झाडीपट्टीचे हरिपुरा अजून कोणी रंगविलेले नाही.

उलट झाले काय? मंडईत डीजे आला आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भिंतीएवढे कर्णे रचून रात्रभर सिनेमाची गाणी वाजतात आणि ढोलकीवाला बाजूला उभा राहून ऐकतो. आपण चर्चवाल्यांनी त्यांना हसू नये. आमच्या मिस्सेत कीबोर्ड आहे आणि त्यात आयते ठेके भरलेले आहेत. कळ दाबली की परदेशी ढोल वाजू लागतो, आणि त्याच्यावर जुन्या सिनेगीताच्या चालीत बसविलेले स्तुतिगीत. भिंतीवर गोंडी मोर, खाली हा ठेका! डोळ्यांनी आम्ही स्थानिक आणि कानांनी कोठलेच नाही.

यावर आमचे एक सहकारी म्हणतात की आपले धर्मग्राम लहान, पैसा थोडा. चित्रकार कोठून आणावा, गाणारे कोठून? आम्ही त्यांना सभागृहाच्या संगमरवरी फरशीचे बिल काढून पाहावयास सांगितले. दुसरे एक गृहस्थ म्हणतात की आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे रेल्वेच्या नोकरीने परप्रांतातून आली, झाडीपट्टीचे गाणे त्यांचे कसे? त्यांची नातवंडे याच बांध्यांतला भात खातात, मंडईत पाळण्यात बसतात आणि झाडीबोलीत भांडतात, एवढे उत्तर पुरे. तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो गोंड समाजातील सुशिक्षितांकडून येतो: आमचे गाणे, आमचा देव, आमची कथा तुम्ही चर्चमध्ये नेऊन सजावटीला का वापरावी? त्यांचे म्हणणे योग्य आहे. बडादेवाचे आवाहन हे आमच्या वेदीसाठी नाही, कचारगडची कथा आमच्या पत्रिकेसाठी नाही, आणि ती त्यांच्या परवानगीवाचून कोणी उचलू नये. पण रोवण्याचे गाणे चिखलात उतरणाऱ्या प्रत्येकीचे आहे, दंडार साऱ्या गावाची आहे, तलाव आणि सारस सगळ्यांचे आहेत. तेवढ्यातून आमचा चित्रकार निर्माण झाला तर खूप झाले. जनगढांची रेषा मागण्यापेक्षा जनगढांनी जे केले ते करावे: आपल्या लोकांचे गाणे कानात मुरेपर्यंत ऐकावे आणि मग हात उचलावा. स्टीफन्सनीही लॅटिन स्तोत्राच्या कडेला मराठी वेलबुट्टी काढली नव्हती.

म्हणून आमची मागणी साधी आहे आणि ती आम्ही आमच्या भागातील धर्मग्राम समित्यांपुढे ठेवीत आहोत. गोंड किंवा वारली चित्र वापरावयाचेच असेल तर ते चित्रकाराकडून विकत घ्यावे, त्याचे नाव व गाव चित्राखाली छापावे. ते जमत नसेल तर पत्रिका साध्या अक्षरांत छापावी, सण काही कमी पवित्र होत नाही. नाताळच्या सुमारास मुलांच्या चित्रकलेच्या स्पर्धा होतात, त्यांत निम्मी मुले वारलीची काडीची माणसे गिरवून आणतात आणि आपण त्यांनाच बक्षिसे देतो. यापुढे स्पर्धेच्या आधी तासभर गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या बायांना बोलावून रोवण्याची गाणी म्हणावयास लावावी, मुलांनी नुसते ऐकावे, आणि मग कागद वाटावेत. चिखल कसा काढावा, वाकलेली पाठ कशी काढावी, याचा नमुना कोणी फळ्यावर काढून दाखवू नये. गाणाऱ्या बायांना चहा-फराळावर बोळवू नये. बँड-पथकाला लग्नात जसे ठरवून पैसे देतो तसे द्यावेत, आणि रोवण्याच्या हंगामात बोलावले तर बुडालेली रोजी त्यावर वेगळी.